पाकिटावरचं चित्र नको, पुन्हा पेरता येईल असं बी घ्या

पावसाळा तोंडावर आला की आठवडी बाजारात, नाक्यावरच्या दुकानात आणि आता मोबाईलवरही भाजीच्या बियाण्यांची पाकिटं दिसू लागतात. चकचकीत कागद, त्यावर लालबुंद टोमॅटो, नाहीतर ज्याचं नावही आपल्या घरात कुणी घेत नाही अशी परदेशी भाजी. आपल्या भगिनी हौसेनं पाकीट घेतात, डब्यात पेरतात आणि दोन महिन्यांनी म्हणतात, "ताई, काही आलंच नाही. माझ्या हातालाच गुण नाही."

दोष हाताचा नसतो, बहुतेक वेळा निवडीचा असतो. माझं म्हणणं सरळ आहे. वस्तीतल्या घरानं बियाणं घेताना पाकिटाची किंमत बघू नये. त्या बियाण्यातून ताटात किती वेळा भाजी आली आणि पुढच्या वर्षी तेच बी पुन्हा विकत घ्यावं लागलं का, हे दोन प्रश्न विचारावेत. स्वस्त-महाग त्यावर ठरतं.

आरोग्याच्या पानावर बियाण्यांची गोष्ट कशाला, असं कुणी विचारील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांमध्ये हा आकडा ६९ आहे. वॉर्डात काम करताना आणि आता वस्त्यांमधून फिरताना मी एक गोष्ट नेहमी बघते. महिन्याची वीस तारीख उलटली की ताटातून सगळ्यात आधी पालेभाजी जाते. डाळ-भात राहतो, बटाटा राहतो, जुडी राहत नाही. आणि ती आधी कुणाच्या ताटातून जाते, हे सांगायला नको.

दोन डब्यांतल्या भाजीनं रक्त भरून निघेल, असं मी म्हणणार नाही. पालेभाजीतलं लोह शरीर थोडंच घेतं. गरोदर बाईला दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यायलाच हवी, तिला भाजी हा पर्याय नाही. पण आठवड्यातून दोन-तीनदा पालेभाजी, वर लिंबू पिळलेलं आणि जेवणाला लागून चहा नाही, एवढी सवय घराला लागली तर तिचा उपयोग होतो. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं, चहामुळे ते अडतं. ही सवय महिनाअखेरीला मोडू नये म्हणून दारातले दोन डबे.

आधी स्वयंपाकघरातले डबे उघडा

बियाण्याचं पहिलं दुकान आपल्या फळीवरच आहे. मेथीदाणे, धणे, मोहरी, अख्खी चवळी, कच्चा राजगिरा ही सगळी बियाणीच आहेत. राजगिऱ्याच्या लाह्या उगवत नाहीत, कच्चे दाणे उगवतात आणि त्याच्या पाल्याची भाजी होते. चवळीचा कोवळा पालाही भाजीला चालतो आणि पुढे शेंगा मिळतात. धणे मात्र पेरण्याआधी चपलेखाली किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फाकळ्या करायचे.

हे खाण्यासाठी आणलेलं असल्यानं जुनं असू शकतं. म्हणून परीक्षा घ्या. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मेथी दोन-तीन दिवसांत मोडावते, धण्यांना आठवडा-दीड आठवडा लागतो. दहापैकी सात किंवा जास्त उगवले तर बी चांगलं. चार-पाच उगवले तर दाट पेरा. त्याहून कमी असतील तर तो डबा स्वयंपाकालाच वापरा. या परीक्षेला पैसा लागत नाही. विकतच्या बियाण्यालाही ती लावा, फक्त त्या दाण्यांना लहान मुलांचा हात लागू देऊ नका. कारण पुढे सांगते.

मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. एका ग्रॅममध्ये पन्नासहून अधिक दाणे असतात. म्हणजे १०० ग्रॅम मेथीदाण्यात पाच हजारांवर रोपं आहेत. आता दुसऱ्या बाजूला चाळीस रुपयांच्या संकरित टोमॅटोच्या पाकिटात समजा पंधरा-वीस दाणे आहेत. आपल्या खिडकीत टोमॅटोचे डबे बसणार दोन, रोज ऊन येणार तीन-चार तास, फळ यायला लागणार अडीच-तीन महिने. कोणता व्यवहार फायद्याचा, ते तुम्हीच मांडा.

विकत घ्यायचंच तर

पहिला मान लाल माठाला द्या. त्याचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये हजारावर दाणे येतात. उन्हाळा-पावसाळा दोन्ही मानवतात आणि महिन्याभरात भाजी मिळते. दुसरा पालक. तो थंडीत लावा, मुळापासून उपटू नका. वरून कापला तर तीन-चार वेळा फुटतो. तिसरी अंबाडी. पावसाळ्यात ती फारसे लाड मागत नाही, आणि विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या घरांना तिची चव सांगायला नको. ऊन भरपूर असेल तरच भेंडी आणि मिरची. भेंडीला पेरल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत शेंग लागते. मेथी-कोथिंबीर भर उन्हाळ्यात पेरू नका, बी वाया जातं.

घरात जे खाल्लं जात नाही ते बी फुकट मिळालं तरी घेऊ नका. एखाद्या कार्यक्रमात परसबागेचं किट म्हणून कोबी-फ्लॉवरची पाकिटं वाटली जातात. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण पत्र्याच्या झोपडीसमोर दीड हात जागेत फ्लॉवरचा गड्डा धरत नाही. वाटप करणाऱ्यांना आपणच सांगायला हवं, की आम्हाला माठ, मेथी, अंबाडी, चवळी द्या, आणि सरळ वाणाचं द्या.

सरळ वाण आणि संकरित

दुकानदाराला हा एक शब्द विचारा: "सरळ वाण आहे का?" सरळ वाणाच्या झाडावर पिकलेलं बी पुढच्या वर्षी पेरलं तर झाड साधारण तसंच येतं. संकरित बियाणं, ज्याच्या पाकिटावर हायब्रीड किंवा एफ-१ लिहिलेलं असतं, ते दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून केलेलं असतं. पहिल्या वर्षी झाड जोमदार येतं. त्याचं बी धरून पेरलं तर झाडं सारखी येत नाहीत, कुणाला फळ चांगलं, कुणाला बारीक. म्हणून ते दर हंगामाला विकत घ्यावं लागतं.

संकरित भाजी विषारी नसते. ती जनुकीय बदल केलेलीही नसते. बीटी वांग्याला २०१० साली आपल्या देशात स्थगिती मिळाली, ती आजही उठलेली नाही. ज्याला माल मार्केटला पाठवायचा आहे त्या शेतकऱ्याला संकरित वाण परवडत असेल. आपल्याला बाजारात काही पाठवायचं नाही. आपल्याला चार माणसांच्या घरात भाजी हवी आहे आणि पुढच्या वर्षी बियाण्यावर खर्च नको आहे.

सरळ वाण मिळतात. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती, मिरचीत पुसा ज्वाला, टोमॅटोत पुसा रुबी, पालकात ऑलग्रीन ही नावं लक्षात ठेवा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत बियाणे विक्रीची सोय आहे. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारता येतं. एकटीनं जाणं परवडत नसेल तर दहा घरांनी मिळून एकाला पाठवावं.

घरचं बी धरणं हे मागासलेपण नाही. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं जपण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा हक्क दिला आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नव्हत्या. गावठी बियाणी गोळा करून त्यांनी बियाण्यांची बँक उभी केली आणि पद्मश्रीपर्यंत पोहोचल्या. आपल्यातल्या बहुतेकांच्या नावावर सातबारा नाही. पण बी धरायला सातबारा लागत नाही.

पाकीट उलटं करून वाचा

मागच्या बाजूला तीन गोष्टी शोधा: चाचणीची तारीख आणि मुदत, उगवणशक्तीचा टक्का, आणि बियाण्याला औषध लावलंय का. प्रमाणित बियाण्यात भेंडीची उगवण शंभरात किमान ६५, टोमॅटो-वांग्याची ७० आणि मिरचीची ६० असावी लागते. मुदत संपलेलं पाकीट निम्म्या किमतीत मिळालं तरी महागच. सुटं, लेबल नसलेलं बी ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. पाकीट घेतलं तर पावती मागा.

गुलाबी, हिरवा, निळा रंग चढवलेलं बी दिसलं तर समजा की त्याला बुरशीनाशक लावलेलं आहे. पेरायला हरकत नाही, पण हात साबणानं धुवा. उरलेलं बी स्वयंपाकघरात ठेवू नका, कोंबड्यांना टाकू नका, आणि मुलांपासून तर नक्कीच लांब ठेवा. गोळीसारखा रंगीत दाणा लहान मूल तोंडात घालतंच.

बी कशाचं धरावं, कशाचं धरू नये

मेथी, चवळी, वाल, गवार, अंबाडी, भेंडी यांचं बी धरणं सोपं. सगळ्यात निरोगी झाड आधीच निवडा, त्याच्या शेंगा तोडू नका, झाडावरच वाळू द्या. मग सावलीत सुकवून कोरड्या बाटलीत थोड्या राखेत ठेवा आणि वर नाव व तारीख लिहा.

दुधी, काकडी, दोडका यांचं बी मात्र घरी धरू नका. या वेलींचा परागकण दुसऱ्या, कडू वाणाशी सहज मिसळतो आणि पुढच्या वर्षी फळ कडू निघू शकतं. कडू दुधीतल्या द्रव्यानं उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी होऊन माणूस दगावू शकतो. फळ कुठूनही आलेलं असो, चिरल्यावर बारीक तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर थुंका, फळ फेकून द्या. मीठ लावून, उकळून ते खाण्यालायक होत नाही.

डब्याबद्दल दोनच सूचना. तेलाचा डबा, फळांचं क्रेट, जाड गोणी चालेल. रंगाचा किंवा कीटकनाशकाचा डबा नको, आणि नाल्याचं पाणी तर मुळीच नको. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. डब्याखाली ताटली ठेवली असेल तर आठवड्यातून एकदा ती पूर्ण कोरडी करा, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

कुणी म्हणेल, जुडी बाजारात मिळते, एवढा खटाटोप कशाला? ज्या दिवशी पैसे असतात त्या दिवशी जुडी जरूर आणा. प्रश्न त्या दिवसाचा नाहीच, पंचवीस तारखेचा आहे.

आता एक मागणी. वर्षावासात आपल्या बायका विहारात रोज जमतात. तिथल्या एका फळीवर चार बरण्या ठेवाव्यात: माठ, अंबाडी, चवळी, भेंडी. ज्या घरी बी नाही तिनं चमचाभर न्यावं आणि हंगाम संपल्यावर दोन चमचे परत आणावं. वहीत नाव लिहायचं काम एखाद्या नववी-दहावीच्या मुलीला द्यावं. ज्या घरात गरोदर बाई किंवा अंगणवाडीतलं मूल आहे त्या घराचा चमचा पहिला.