घरचा उद्योग : जुनी विजेची भट्टी

चाकावर हात बसला, चार वाडगी सावलीत वाळून फळीवर मांडली गेली, की ती भाजायची कोठे, हा प्रश्न उभा राहतो. शहरातील घरापुढे आवा लावता येत नाही. धूर शेजाऱ्यांना सोसवत नाही. अशा वेळी कोणी वापरलेली विजेची भट्टी विकावयास काढली, तर मन तिकडे ओढ घेते. ती अवश्य घ्यावी. मात्र आधी तिची नीट पारख करावी.

प्रथम भट्टीवरील पाटी वाचा. तिच्यावर व्होल्ट, किलोवॅट व कमाल तापमान दिलेले असते. तीन फेजची भट्टी एका फेजच्या घरात चालणार नाही. आपल्याकडे घरात सामान्यतः २३० व्होल्टची वीज येते. तिच्यावर ५ किलोवॅटची भट्टी सुमारे २२ अँपिअर प्रवाह ओढते. घरातील मोठे सॉकेट मात्र १६ अँपिअरचेच असते. तेथे ती जोडणे म्हणजे भिंतीतील तारा तापवून आगीला आमंत्रण देणे होय. वीजबिलावरील मंजूर भार पाहावा आणि परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी व पक्के अर्थिंग करवून घ्यावे.

मग आत डोकवा. विटांना बारीक तडे असणे स्वाभाविक आहे; तारेच्या खाचा तुटून तार बाहेर लोंबत असेल, तर मात्र दुरुस्ती हवी. एकदा तापलेली तार थंड असताना ठिसूळ असते, तिला वाकवू नये. वीज तोडून मल्टिमीटरने रोध मोजावा. ५ किलोवॅटच्या भट्टीचा एकूण रोध सुमारे १०.६ ओहम असावा. वापराने तो वाढतो व भट्टी मंदावते, ११.७ ओहम झाला, तर शक्ती साडेचार किलोवॅटच उरते. अशा वेळी साऱ्या तारा एकदमच बदलाव्या आणि तो खर्च किमतीत धरून सौदा करावा. फार जुन्या भट्टीत ॲस्बेस्टॉसचा संशय आला, तर तिचा मोह सोडावा. तिची धूळ फुप्फुसांना घातक असते.

भट्टीची जागा न जळणाऱ्या जमिनीवर, भिंतींपासून हातभर दूर आणि हवेशीर असावी. भाजताना मातीतून विषारी वायू निघतात. म्हणून स्वयंपाकघर व निजण्याची खोली वर्ज्य.

पहिली भट्टी रिकामीच लावावी. फळ्यांच्या वरच्या बाजूस चिनी माती व ॲल्युमिना यांचा पातळ लेप द्यावा. तो तारांना लागू देऊ नये. आत शंकू ठेवावा. पायरोमीटर केवळ तापमान सांगतो. शंकू उष्णता व वेळ या दोहोंच्या परिणामाने वाकतो.

त्यानंतर भांडी ठेवावी. ती पूर्ण वाळलेली असावीत. १०० अंश सेल्सिअसच्या आत काही तास थांबून वाफेला वाट द्यावी. घाई केल्यास भांडे फुटते. ५७३ अंशांच्या आसपास मातीतील क्वार्ट्झ आकार बदलते, तेथे चढताना व उतरताना सावकाश जावे. पहिल्या भाजणीस ९५० ते १००० अंश पुरतात. भट्टी चालू ठेवून घराबाहेर पडू नये आणि ती निवेपर्यंत झाकण उघडू नये.

प्रत्येक भाजणीचे तास, शंकू व मीटरचे आकडे वहीत टिपावे. आठ तासांस जास्तीत जास्त ४० युनिटे लागतील; एका वाडग्याचा खरा खर्च त्यावरूनच काढता येईल.