वाड्याबाहेरचे निळूभाऊ

आमच्या वर्धा-हिंगणघाटकडच्या एखाद्या शाळेच्या गॅदरिंगला जाऊन बसा. नकला सुरू झाल्या की एक नक्कल बहुधा ठरलेली. टोपी तिरकी, आवाज घोगरा आणि कुणा बाईला वाड्यावर येण्याचे आवतण! टाळ्या पडतात, आयाबहिणीही हसतात. निळू फुले या थोर नटाची एवढीच ओळख पुढच्या पिढीकडे जावी, हे काही बरे नाही.

'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना नाव दिले. १९६८च्या 'एक गाव बारा भानगडी'ने ते पडद्यावर आले. १९७२ साली रंगभूमीवर त्यांनी तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर उभा केला. १९७५च्या 'सामना'त ते साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील झाले. डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर त्यांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो आणि या बलाढ्य माणसाच्या पायाखालची जमीन सरकत जाते. १९७९च्या 'सिंहासन'मध्ये त्यांनीच सत्तेचा खेळ उघड्या डोळ्यांनी पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस साकारला. सत्ता गाजवणारा आणि सत्तेने हादरून जाणारा, दोघेही एकाच नटाचे! 'कुली', 'मशाल', 'सारांश' या हिंदी चित्रपटांतही ते दिसले.

त्यांचा बेरकी पाटील पाहून खेड्यापाड्यांतल्या बाया बोटे मोडत. नटाला यापेक्षा मोठी पावती कोणती? गावच्या सत्तेपुढे बाईची अब्रू किती असुरक्षित असते, हे त्या बायांना ठाऊक होते. पडद्यावरच्या त्या नजरेची त्यांना भीती वाटे, चीड येई. आज त्याच नजरेचा आपण विनोद केला आहे. नकलेत नटाचा आवाज उरला आणि त्यामागचा जाब मात्र गळून गेला. ज्या गोष्टीची लाज वाटावी तिच्यावर मुले टाळ्या पिटू लागली, तर दोष नटाचा नाही, आपला आहे.

खरे निळूभाऊ राष्ट्र सेवा दलात घडले. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केले. पुढे सामाजिक कृतज्ञता निधी आणि अंधश्रद्धा निर्मूलन या कामांशीही ते जोडलेले राहिले. १९३७ साली वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण देणारी नई तालीम पुढे आली. मातीत हात घातलेल्या या कलावंताची किंमत आपल्या जिल्ह्याला तरी वेगळी सांगावी लागू नये.

१३ जुलै २००९ रोजी ते गेले. नायकांची पोस्टरे लागतात, चरित्र अभिनेत्याची नक्कल होते, ही आपल्याकडची रीतच आहे. ती मोडायची तर एका रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून 'सामना' पाहावा, मुलांना शेजारी बसवावे आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत. मग गॅदरिंगची ती नक्कल पाहताना हसायचे की नाही, हे त्यांचे तेच ठरवतील.