लस पुण्याची, पहारा आपला

बालमित्रांनो, चौलच्या नारळ-सुपारीच्या वाड्या पाहिल्यात? गार सावली, जागोजागी विहिरी, आणि तिन्हीसांजेला कानाशी गुणगुण! त्यात अॅनाफिलीस डासाची मादी असली, तर ती मलेरिया, म्हणजे हिवताप पसरवू शकते.

तुम्ही म्हणाल, "देवीवर लस निघाली, पोलिओवर निघाली. मग मलेरियावर का नाही?" निघाली की! पण फार उशिरा. मलेरियाचा परजीवी पक्का बहुरूपी. डासाच्या लाळेतून शिरतो, यकृतात दडतो आणि वेष पालटून तांबड्या पेशींत घुसतो. त्यातला फॅल्सिपेरम तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याच तुंबवतो. आफ्रिकेत दरवर्षी काही लाख मुलं याने दगावतात.

शास्त्रज्ञांनी ठरवलं, चोर यकृतात पोचण्याआधीच पकडायचा! त्याच्या अंगावरच्या एका प्रथिनाची ओळख शरीराला करून देणारी आर-२१ ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठात तयार झाली. ती बनवते आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि २०२४ पासून आफ्रिकेतल्या बाळांना ती मिळू लागली.

मग डासांची काळजी मिटली? छे! ही लस फॅल्सिपेरमसाठी आहे. आपल्याकडे आढळणाऱ्या विवॅक्सवर ती चालत नाही.

म्हणून या रविवारी मोठ्यांना सोबत घेऊन टाकी, हौद तपासा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी दिसली, तर ती अॅनाफिलीसची समजा. टाकीला घट्ट झाकण लावा, विहिरीसाठी गप्पी मासे मिळवा. आणि थंडी वाजून ताप आला, तर आधी रक्ततपासणी! लस पुण्यात बनते, पहारा मात्र घरोघरी हवा. कराल ना?