बांधलं की बांधून घेतलं?

इथे मॅडिसनला आपल्या मंडळाच्या गेल्या गणपतीत शाळेच्या हॉलमधलं स्टेज कमरेएवढं उंच निघालं. आरतीसाठी लहान मुलांना वर चढवायला एक पायरी हवी होती. दोन फळ्या आणि चार ठोकळे, एवढंच काम. पण सकाळपासून कमिटीच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस. भाड्यानं मिळेल का, ऑनलाइन मागवलं तर उद्यापर्यंत येईल का, कुणाकडे हँडीमनचा नंबर आहे का. शेजारी परकर-पोलक्यातली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती. मी तिला सहज म्हटलं, "तुझ्या बाबांना सांग ना, तासाभरात ठोकून देतील." ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "नाही काकू, बाबा हातानं काही करत नाहीत. ते इंजिनिअर आहेत."

सगळे हसले. मीही हसले. परतताना गाडीत मात्र हसू येईना. पोरीनं काही चुकीचं सांगितलं नव्हतं. तिला दिसतं तेच ती बोलली. (पायरी शेवटी आलीच नाही. मुलांना बखोटीला धरून वर घेतलं.)

तेव्हापासून माझ्या डोक्यात आपली मराठी क्रियापदं घोळताहेत. आपण म्हणतो, "सासऱ्यांनी सांगलीला बंगला बांधला." माझ्या सासऱ्यांनी खरंच बांधला, 1978 साली. म्हणजे काय केलं? गवंडी लावले, सुतार लावले, रजा काढून सावलीत खुर्ची टाकून बसले आणि संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारलं. ते पाणी मारणंसुद्धा घरात आजवर कौतुकानं सांगितलं जातं. "दिवाणखान्यात शोकेस केलं", "ओट्याखाली ट्रॉल्या केल्या", सगळं 'केलं'. खरं म्हणजे 'करून घेतलं', पण तेवढं एक क्रियापद आपण गिळून टाकतो आणि त्याबरोबर करणारा माणूसही. उलट इथे आमच्या शेजारचे आजोबा, जन्मभर गाई पाळलेले, जेव्हा म्हणतात की मी हे डेक बांधलं, तेव्हा त्यांच्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख त्याची साक्ष देतं.

माझ्या माहेरी, मिरजेत, आमच्या घरापासून चार पावलांवर सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांची दुकानं होती. पंढरपूर भागातून आलेले भोपळे दोरीला टांगलेले असायचे, आणि शाळेतून येताना आम्ही कारागिरांच्या पटाशीचा आवाज ऐकत यायचो. मंडळाच्या दर मैफलीत गायकाला शाल देतो, तबलजीला श्रीफळ देतो. तंबोरा कुणी घडवला, हे एकदा तरी निवेदनात ऐकलंय? असो, तो विषय वेगळा आहे, त्यावर पुन्हा कधी तरी.

आता इंजिनिअरांचं. आपल्या मंडळात निम्म्याहून जास्त घरांत एक तरी इंजिनिअर आहे, माझा नवरा धरून. या सगळ्यांनी पहिल्या वर्षाला वर्कशॉप केलंय. कार्पेंट्रीचा एक जॉब असायचा, लाकडाच्या दोन पट्ट्यांचा लॅप जॉइंट. नवऱ्याला विचारलं, तू तो केला होतास का? आधी "हो" म्हणाला. मग खोदून विचारल्यावर कबूल केलं की वर्कशॉपमधल्या शिपायाला पैसे देऊन तयार घेतला होता आणि सहीला तोच दाखवला. वर म्हणतो, "सगळेच घ्यायचे." तेच म्हणते मी! सगळेच घ्यायचे.

ही सवय आपल्याला अमेरिकेनं लावली नाही, ती आपण सामानात बांधून आणली. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' 1915 साली आलं. त्यात सुताराला खळ्यावर धान्य मिळायचं त्याचा हिशेब आहे. नांगर-कुळव त्यानं करायचा आणि बलुतं घ्यायचं. ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी रंधा धरायचा प्रश्नच नव्हता. माझं माहेर लेखणीवाल्यांचं, म्हणून हे मी बोलू शकते. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम मांडली, हातांनी काम करत शिकायचं म्हणून. आमच्या शाळेत ती 'कार्यानुभव' नावाचा एक तास होऊन पोहोचली आणि त्या तासाला गणिताच्या बाई पोर्शन पुरा करायच्या. कार्यानुभवाच्या वहीत मी पोस्टाची तिकिटं चिकटवली होती. मार्क पूर्ण मिळाले.

तर मे महिन्यात मी ठरवलं की एक बाकडं करायचं. टपरीवर असतं तसं, रंगबिंग नसलेलं, दोन माणसं चहाचे कप घेऊन बसतील असं.

नमुना शोधायला लांब जावं लागलं नाही. मॅडिसनहून पाऊण-एक तासावर, बॅराबूजवळ, विस्कॉन्सिन नदीकाठी आल्डो लिओपोल्डची शॅक आहे. तुमच्यातले बरेच जण पानगळ बघायला त्याच रस्त्यानं जातात, थांबत नाहीत. इथल्या विद्यापीठातल्या या प्राध्यापकानं 1935 साली पार कस गेलेली शेतजमीन विकत घेतली. तिच्यावर धड उभं असं एक कोंबड्यांचं खुराडं होतं. नवरा-बायको आणि पाच मुलांनी मिळून त्यातली घाण उपसली, ते राहण्याजोगं केलं आणि शनिवार-रविवार येऊन हजारोंनी पाइनची रोपं लावली. पुरात वाहून आलेल्या फळ्या नदीकाठावरून ओढून आणायच्या आणि त्यांचंच सामान करायचं. 1948 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या शेतात लागलेली आग विझवताना ते गेले, आणि ज्या पुस्तकामुळे जग त्यांना ओळखतं ते 'अ सँड काउंटी अल्मनॅक' पुढच्या वर्षी छापून आलं. त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं एक बाकडं आहे. त्याला खाच नाही, सांधा नाही, नुसते बोल्ट आणि स्क्रू. लांब पाय पुढून जमिनीतून निघतो, तिरका मागे जातो आणि वर पाठीची फळी धरतो. आखूड पाय त्याला उलट्या बाजूनं छेदतो आणि बसायची फळी झेलतो. बाजूनं बघितलं तर फुलीसारखं दिसतं. प्राध्यापकाच्या हातचं बाकडं आहे, हे मुद्दाम सांगते.

लाकडाच्या दुकानात पहिला धडा मिळाला. 'दोन बाय दहा'ची फळी मागितली. घरी येऊन मोजली तर जाडी दीड इंच आणि रुंदी सव्वानऊ! मला वाटलं फसवलं. तसं नाही, रंधून-वाळवून उरते तेवढीच, पण नाव कच्च्या मापाचं. आपल्याकडच्या 'कार्यक्रम सहाला सुरू' सारखंच हे. बोल्ट मात्र ओळखीचे निघाले. इथे तीन अष्टमांश इंच म्हणतात, मिरजेचा सुतार 'तीन सूत' म्हणायचा. दुकानात उभी राहून मी मनातल्या मनात 'तीन सूत, तीन सूत' म्हणत होते.

शेजारच्या आजोबांनी त्यांच्या जुन्या डेकच्या फळ्या फुकट देऊ केल्या. आपल्या काटकसरी जिवाला मोह झालाच. पण ते डेक नव्वदच्या दशकातलं. 2003 संपेपर्यंत इथे घरगुती वापराच्या लाकडालाही आर्सेनिकचं औषध मारत असत. त्यावर बसायला नको, ते जाळायला तर मुळीच नको. नवी फळी घेतली. बोल्ट-स्क्रू धरून साठ डॉलरच्या आसपास गेले.

कापाकापी दोन संध्याकाळ चालली. नवरा ड्रिल घेऊन आला, 2009 मध्ये टीव्ही भिंतीवर लावायला घेतलेलं ते. तेव्हापासून खोक्यातच होतं. पाय तिरके कापायचे, आणि डावे-उजवे एकमेकांचे आरसे हवेत. मी दोन्ही डावे कापले. एक फळी वाया. दुसऱ्या दिवशी बसायची फळी बसवताना टोकाशी स्क्रू आधी भोक न पाडताच घातला. 'टच्' आवाज आला आणि फळी बोटभर उभी चिरली. तो आवाज अजून कानात आहे. फळीच्या टोकाजवळ आधी बारीक भोक पाडायचं असतं, ही गोष्ट मिरजेतल्या कुठल्याही सुताराच्या दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असेल. मी एम.एस्सी. आहे.

मग जवसाचं तेल चोळलं, आपण चटणी करतो त्याच जवसाचं. एक इशारा देते. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळू द्या.

बाकडं उभं राहिलं आणि लंगडायला लागलं. त्या रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं, "बघ, हे 'केलं'." तो म्हणाला, "आणि ड्रिल कुणी चालवलं?" वादाला नवा विषय मिळाला, हाही फायदाच.

खरं सांगायचं तर आपण पोरांना नाट्यछटा शिकवतो, श्लोक पाठ करून घेतो, मराठी शाळेत 'च' आणि 'च़' यातला फरक घोकवतो, ते सगळं हवंच. पण बापाच्या हातात करवत आणि आईच्या बोटात गेलेली सल पोरांना एकदा तरी दिसायला हवी. नाहीतर ती आपल्याकडे बघून हेच शिकणार की काम करणारे वेगळे आणि आपण वेगळे. उद्या इथल्या घरात नळ दुरुस्त करायला येणाऱ्याकडे ती कोणत्या नजरेनं बघतील? भारतात सुट्टीला गेल्यावर आजीच्या घरी येणाऱ्या मावशींकडे कोणत्या? 

उपदेश जरा जास्तच झाला, माफ करा. दोन शिफ्ट करून घरी येणाऱ्या नर्स आपल्यात आहेत, व्हिसाच्या कागदांची रात्रंदिवस काळजी करणारी तरुण जोडपी आहेत, एकट्यानं दोन मुलं वाढवणाऱ्या आया आहेत. त्यांना बाकडी करा म्हणणं म्हणजे उद्धटपणा होईल. माझ्या स्वतःच्या दिवाणखान्यात सागवानी झोपाळा आहे. तो कोल्हापूरहून कंटेनरमधून 'आणून घेतलेला' आहे, आणि आलेल्या पाहुण्यांना मी वीस वर्षं "आम्ही झोपाळा केला" असंच सांगत आले. माझा मुलगाही, खरं सांगते, हे सगळं वाचून हसेल. तो सव्वीस वर्षांचा आहे, आणि परवा फोनवर विचारत होता की भिंतीत खिळा ठोकायला माणूस किती घेतो.

तर पुढच्या महिन्यातल्या सहलीला मी दोन बाकड्यांचं लाकूड घेऊन येते. पाय आधीच कापून आणीन, या वेळी एक डावा, एक उजवा. ज्यांच्याकडे ड्रिल खोक्यात पडून आहे त्यांनी ते चार्ज करून आणावं, आणि मुलांना पॉलिश पेपर द्यावा. तयार झालेली बाकडी गणपतीच्या हॉलमध्ये ठेवू, स्टेजला लागून. आरतीला मुलं त्यावर उभी राहतील. आमचं घरचं बाकडं मागच्या अंगणात आहे. डाव्या मागच्या पायाखाली अजून लाकडाची चिपटी आहे, ती काढायची राहिली आहे. चहाला या, पण उजव्या बाजूला बसा.