वाकडी भिंत, सरळ हट्ट

गिलावा म्हणजे भिंतीचा मेकअप, असं आपण सिव्हिलवालेसुद्धा बिनधास्त म्हणतो. पुस्तकात त्याला मोजकी पानं, परीक्षेत एखादी 'टीप लिहा', की विषय संपला! पण घरच्यांना आपल्या इंजिनीअरिंगची आठवण होते ती नेमकी इथेच. पूल बांधायला आपल्याला अजून कोणी बोलावत नाही. 'अरे, तू शिकतोयस ना, मग त्या खालच्या खोलीची भिंत सरळ कशी करायची ते सांग,' एवढंच विचारतात.

खालची खोली म्हणजे काय ते हॉस्टेलवरच्या सपाट मुलखातल्या मित्रांसाठी सांगतो. इंग्रजी सिनेमातलं तळघर आपल्याकडे फारसं नसतं. पण आमच्या पालेगावच्या बाजूला, अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात, उतारावर घर बांधलं की पुढून दार रस्त्याला आणि मागची भिंत अर्धीअधिक मातीत, असा प्रकार होतो. भिंत जुनी असेल तर काळ्या दगडाची, हाताला येईल तो धोंडा लावून रचलेली. कुठे दोन इंच आत, कुठे दोन इंच बाहेर. आणि हट्ट एकच, ओळंब्यात पाहिजे, गुळगुळीत पाहिजे, कपाट टेकलं पाहिजे!

माझं मत स्पष्ट आहे. हा हट्ट मोडणं हेच आपलं पहिलं काम.

जरा आकडेमोड करू, तेवढी तरी आपल्याला येते. दहा फूट बाय दहा फूट भिंत, सरळ करण्यासाठी सरासरी दोन इंच जाडीचा माल. घनफळ साधारण ०.४७ घनमीटर, वजन जवळजवळ एक टन! नेहमीच्या १२ मिलिमीटरच्या गिलाव्यात हेच वजन अडीचशे किलोच्या आत राहतं. म्हणजे ओल्या, शेवाळलेल्या दगडाला आपण एक टन ओझं नुसत्या चिकटण्याच्या भरवशावर टांगतो. ते वाळताना आकसतं, तडे जातात, मागून सुटतं. थापीच्या दांड्याने ठोकून बघा, 'बद्द' आवाज आला की समजायचं आत पोकळ आहे.

मग करायचं काय? सुटे दगड-माती खरवडून, सांधे खोल उकरून भिंत धुवायची. मोठे खळगे आधी दगडाच्या कपच्या आणि मालाने भरायचे आणि तो भराव घट्ट होऊ द्यायचा. त्यावर पातळ हात, तो ओला असतानाच करणीच्या टोकाने रेघा ओढायच्या, म्हणजे पुढचा हात धरून राहतो. वरचा हात खालच्यापेक्षा जास्त सिमेंटचा नको. लोक नेमकं उलटं करतात, 'वरून जरा स्ट्राँग मारा' म्हणतात. स्ट्राँग थर जास्त आकसतो आणि खालच्याला घेऊनच सुटतो. शेवटी आठवडाभर पाणी मारायचं. एवढं करून भिंत थोडी लाटांची राहिली तर राहू दे ना! कपाट चार बोटं पुढे ठेवा, मागे हवा खेळेल.

पण याच्याही आधीचा प्रश्न पाण्याचा. ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेची आहे, हे शोधायला प्लॅस्टिकचा एक तुकडा पुरतो. हातभर तुकडा चारी बाजूंनी पट्टी लावून भिंतीला दोन दिवस चिकटवायचा. पाणी भिंतीकडच्या बाजूला जमलं तर दोष भिंतीतला, खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतला. भिंतीतून येत असेल तर आतून कितीही 'वॉटरप्रूफ' पावडर घाला, ते पाणी अडवणं गिलाव्याचं काम नव्हे. मागे सहा फूट पाणी साठलं तर तळाशी चौरस मीटरला १.८ टन दाब येतो. घाटातून जाताना संरक्षक भिंतीला पाइपची भोकं दिसतात, ती उगाच ठेवलेली नसतात. पाण्याला वाट दिली की भिंत सुटते. घराच्या मागेही तेच हवं, बाहेरून चर, त्यात खडी आणि पाण्याला उतार. पण हे काम दिसत नाही, म्हणून त्याला पैसे द्यायला जिवावर येतं.

आमच्या जवळचंच उदाहरण बघा. अंबरनाथचं शिवमंदिर, शिलाहारांच्या काळातलं, इ. स. १०६० चं. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. शेजारून वालधुनी वाहते. तिथे गुळगुळीत गिलावा नाही, उघडा दगड आहे, आणि त्याचं कोणाला वाईट वाटत नाही! (घरात मात्र पाहुणे काय म्हणतील.)

दुसरी गोष्ट मुहूर्ताची. गणपतीच्या आधी घर नीट करायची आपली पद्धत. म्हणजे आषाढ-श्रावणात, जेव्हा मागची माती पाण्याने गच्च असते, तेव्हा गवंडी बोलवायचा. दिवाळीपर्यंत रंगाला फोड, होळीपर्यंत लोण्याची पांढरी बुरशी. ती खरं तर बुरशी नसून मीठ असतं, पाण्याबरोबर आलेलं. पुढच्या वर्षी पुन्हा तोच खर्च आणि शिव्या गवंड्याला. तो बिचारा सांगत असतो, 'साहेब, भिंत सुकू द्या.' पण नाक्यावरच्या माणसाचं कोण ऐकतो? दिवाळीनंतर पाऊस पूर्ण ओसरल्यावर काम काढलं तर तोच माल, तोच माणूस, पण गिलावा टिकेल.

नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर मी इतकं लिहिलं नसतं. २०२१ च्या मे महिन्यात शेजारच्या उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. त्यांची कारणं मी इथे बसून सांगणार नाही. पण सळई गंजली की आधी तडा दिसतो, गिलावा फुगतो, तुकडे पडतात. हा भिंतीने दिलेला इशारा आपण पुट्टी भरून, रंग मारून बंद करतो.

सरांना एक विनंती. वर्कशॉपमध्ये आपण लाकडाचे जॉइंट करतो, लोखंड कानशीने घासतो. सिव्हिलच्या मुलांना एक सत्रभर एखाद्या अनुभवी गवंड्याच्या हाताखाली द्या, आणि त्यांना त्या तासांचं मानधनही द्या. भिंत शोधायला लांब जायला नको. हॉस्टेलच्या तळमजल्यावरच्या मागच्या खोल्यांत पापुद्रे धरलेली हवी तेवढी मिळेल, आणि आधी तिच्यामागचा चर आम्हीच खणू.