शस्त्रांचे कोष्टक आणि वास्तवाचा आभास

अद्भुतरम्य भूमिकाखेळांतील शस्त्रांची कोष्टके जितकी सूक्ष्म तितका तो खेळ वास्तववादी, हे मत रूपवादी भाबडेपणाचेच अपत्य होय. १९७४ साली गायगॅक्स व आर्नेसन यांनी सिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये खंजीर असो वा तलवार, इजा एकाच सहा बाजूंच्या फाशावर ठरे. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने शस्त्रागणिक फासे वेगळे केले, आणि समर्थकांना ही वास्तवाकडील प्रगती वाटली! वास्तव मूळ नियमांत होतेच: मांत्रिकाला केवळ खंजीर, धर्मोपदेशकाला धारदार शस्त्र निषिद्ध. शस्त्र कोणी धरावे याचा हा अधिकारभेद आहे. एकलव्याचा अंगठा ठाऊक असलेल्या मराठी अभ्यासकाने तरी तो ओळखायला हवा होता. १८७८च्या शस्त्र कायद्याने युरोपीयांना मोकळीक देऊन हिंदी माणसावर परवान्याची अट लादली, तेव्हाही प्रश्न पात्याच्या लांबीचा नव्हता. यवतमाळच्या रानातील कोलामाची कुऱ्हाड आधी सरपण तोडते, वाट मोकळी करते, क्वचित जनावर हाकलते. त्या हाताचा, श्रमाचा, धाकाचा मागमूस कोष्टकात नाही. तेथे तिचा उरतो तो फक्त फासा.