घरचे बी कोणते धरावे?



सुगी आली की बियाण्याचा विषय निघतोच. यंदा आंबवड्याच्या एका खळ्यावर मावशींनी विचारले, "साहेब, इंद्रायणीचं घरचं बी पेरलं तर पीक तसंच येतं. मग संकरित भाताचं का बिघडतं?" गेल्या वर्षीच्या संकरित पिकाचे बी त्यांनी तरव्यात टाकले होते. खाचरात काही भात उंच, काही बुटके. काही आधी निसवले, काही मागे राहिले. बियाण्याचे पैसे वाचले, पण कापणी एका वेळी साधेना.

याचे उत्तर पोटरीत आहे. भाताच्या पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. जोडीतले एक आईकडचे, एक बापाकडचे. भात पोटरीवर असताना कोवळ्या फुलांत पराग आणि स्त्रीबीज तयार होऊ लागते. त्या वेळी जोडीतली गुणसूत्रे शेजारी येतात, आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात आणि वेगळी होतात. प्रत्येक परागकणाला जोडीतले एकच, म्हणजे एकूण १२ मिळतात. यालाच अर्धसूत्री विभाजन म्हणतात. अदलाबदल बाजूला ठेवली, तरी १२ जोड्यांची वाटणी ४,०९६ प्रकारे होऊ शकते.

संकरिताचे आईबाप निरनिराळे. म्हणून त्याच्या दर दाण्याच्या वाट्याला गुणांचा वेगळा मेळ येतो.

इंद्रायणीही मूळची संकरातलीच. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि बुटका, भरघोस आयआर ८ यांचा संकर केला. पुढे अशीच सरमिसळ झाली. तिच्यातून चांगली झाडे पिढ्यान्पिढ्या निवडली आणि १९८७ साली वाण प्रसारित झाला. भात बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतो. त्यामुळे जोडीतला फरक दर पिढीला सरासरी निम्म्याने घटतो. दोन्ही गुणसूत्रे सारखी झाली की अदलाबदल होऊनही काही बदलत नाही. एकाच कणगीतल्या दोन पायल्या आलटून पालटून ओतल्या, तरी धान्य तेच!

तेव्हा संकरित भाताचे बी दर वर्षी नवे घ्यावे. इंद्रायणीचे घरचे बी तीन वर्षे चालवावे; मात्र निसवताना वेगळी दिसणारी झाडे उपटून टाकावीत आणि बियाण्याची मळणी वेगळी करावी.

मावशींनी ते मिसळीचे पोते बियाण्यातून काढून गिरणीला धाडले. खायला ते चांगलेच आहे.